टाळ्या न वाजवणारे मामा

माझी मुलगी मनू चार वर्षांची असताना तिने पाहुण्यांसमोर वर्तमानपत्र वाचून दाखवलं. बातमी अपघाताची होती. "दोन ठार, सात जखमी," असं तिने वाचलं आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या बायकोचे मामा तेव्हा खोलीत होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. ते उठले, चपला घातल्या आणि गेले. दुसऱ्या दिवसापासून ते आमच्या घरी रोज येऊ लागले.

'लवकर' या गोष्टीचा एवढा राग असलेला माणूस कोल्हापुरात, आणि माझ्या मते कुठेच, दुसरा झाला नसेल. मामा कागलच्या बाजूच्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झाले होते, आणि एवढ्या नोकरीत शाळेची पहिली घंटा त्यांनी शाळेत उभं राहून कधी ऐकली नव्हती. मोसमातला पहिला आंबा ते तोंडात घालत नसत. "त्याला अजून कळलेलं न्हाई, आपण आंबा हाय ते," म्हणायचे आणि ताट सरकवायचे. लग्नाला ते अक्षता पडून, दुसरी पंगत उठल्यावर पोचायचे आणि उरलेला मसालेभात मोठ्या समाधानाने खायचे. एकदा एस.टी. स्टँडवर मी त्यांना कंडक्टरशी भांडताना पाहिलं. गाडी वेळेवर सुटत होती, हीच मामांची तक्रार होती. "वेळेवर म्हणजे काय? माणसं यायची हायत अजून." कंडक्टरने विचारलं, "कुठली माणसं?" मामा पायरीवर एक पाय ठेवून म्हणाले, "मीच की." मामी या सगळ्याला सरावल्या होत्या. त्या सांगायच्या, "आमचं ठरल्यावर ह्यांनी व्हय म्हणायला दोन वर्षं लावली. मी म्हटलं, लावू देत, तवर सासूचा जोर तरी कमी हुईल."

आम्ही तेव्हा माझ्या सासऱ्यांच्या घरात, वरच्या मजल्यावर राहत होतो. मी हायस्कुलात मराठी शिकवायचो. घरात आम्ही वर असलो तरी घरातली मतं खालच्या मजल्यावर ठरायची. सासऱ्यांचं हार्डवेअरचं दुकान होतं, गल्लीतल्या तरुण मंडळाचे ते अध्यक्ष होते, आणि पासष्टी उलटून गेल्यावरही मंडळाचं नाव तरुण आहे याचं त्यांना काहीच वाटत नव्हतं. ते नव्वदचं दशक होतं. गल्लोगल्ली इंग्रजी शाळा निघाल्या होत्या आणि साडेतीन वर्षांच्या मुलांना मुलाखतीला बोलावलं जात होतं. सासऱ्यांनी मनूला अशाच एका शाळेत नेलं. तिथल्या मुख्याध्यापिका बाईंनी तिच्याकडून काहीबाही वाचून घेतलं आणि सासऱ्यांना सांगितलं, "युवर ग्रँडडॉटर इज व्हेरी प्रिकोशस."

सासऱ्यांना शब्द कळला नाही, पण बाईंचा चेहरा कळला. येताना ते पेढे घेऊन आले. दोन दिवसांत गल्लीला ठाऊक झालं की मास्तरांची पोरगी प्रिकोशस हाय. खिळे घ्यायला आलेल्या गवंड्यालाही खिळ्यांबरोबर ही बातमी मिळायची. शेजारच्या आक्का हळहळत वर आल्या आणि माझ्या बायकोला म्हणाल्या, "असू दे, लवकर कळलं ते बरं झालं. पथ्य काय सांगितलंय?"

मामांना हा शब्द आमच्याआधी कितीतरी वर्षं माहीत होता, आणि त्यांचं त्याच्याशी वैर होतं. टाळ्यांच्या प्रसंगानंतर ते रोज संध्याकाळी येऊ लागले तेव्हा त्यांच्या कापडी पिशवीत एक जाडजूड डिक्शनरी असायची. जिना चढून आले की ते माझ्यासमोर बसत. "जावईबापू, तुम्ही मराठीचे मास्तर. सांगा, ह्याला आपल्यात काय म्हणायचं?" मी म्हटलं, अकालप्रौढ. "असल्या नावाचा वॉर्ड असतोय दवाखान्यात. दुसरं सांगा." अकालपक्व. "ते केळ्याला म्हणा, पावडर मारून पिकवलेल्या." कुशाग्र म्हटलं तर म्हणाले, हा शब्द हाराबरोबर येतो आणि हाराबरोबरच सुकतो. चुणचुणीत म्हटलं तर म्हणाले, "हे पावणं म्हणतात. त्यांचं काय जातंय, तासाभरात घरला जायचं असतंय त्यांना." मी पोक्त म्हटलं. त्यावर ते म्हणाले, "पोक्त कधी म्हणतात बघितलंय का? पोराची आई गेली की बारा दिवसांत पोर पोक्त हुतंय." शेवटी मी आगाऊ सुचवलं. तो शब्द त्यांना बराच पटला, पण त्यातही त्यांनी खोट काढली. आगाऊ असतं ते नेहमी शेजाऱ्याचं पोर. आपलं असलं की ते हुशार. आणि मुलगी असली, वर तिने उलट विचारलं, की ती शहाणी. "पोरीला शहाणी म्हटलं की वळखायचं, तिला गप बस म्हणालेत."

त्यांच्या रागाचं मूळ असं होतं की हा शब्द माणसाचा नाहीच. डिक्शनरीचं पान माझ्यासमोर धरून ते दाखवायचे, की इंग्रजांनी तो आधी झाडांना लावला. पानांच्या आधी ज्याला फुलं येतात ते झाड, वेळेच्या आधी पिकतं ते फळ. "झाडाला शरम न्हाई, ते बिचारं उघडंच फुलतंय. पण त्याला कोण सोफ्यावर उभं करून टाळ्या वाजवत न्हाई." पन्हाळ्याच्या बाजूला भात करणाऱ्या आपल्या एका जुन्या विद्यार्थ्याला त्यांनी मुद्दाम गाठून विचारलं होतं. तो म्हणाला, लवकर येणाऱ्या भाताला आमच्याकडे हळवं म्हणतात, सर. ते पोटाला होतं, पण सांभाळावं लागतं, पाखरं आधी त्याच्यावरच बसतात. हे मामांनी मला सांगितलं आणि त्या दिवशी दुसरा शब्द मागितला नाही.

मला त्यांचा सगळ्यात जास्त राग पाहायला मिळाला तो मंडईत. कोपऱ्यावर एक बाई वांगी-मिरच्या घेऊन बसायची आणि तिची पाच-सहा वर्षांची मुलगी तराजू धरायची. वजनावर शंका घेणाऱ्याला ती मुलगी अशी काही उत्तरं द्यायची की मोठी माणसं खाली मान घालून निघून जायची. एकदा एक सुशिक्षित गृहस्थ घासाघीस करत होते. ती म्हणाली, "काका, घरात इचारून येता का? आमी हितंच हाय." गृहस्थ चिडून म्हणाले, "काय आगाव कार्टी आहे." मामांनी त्यांची बाही धरली. "साहेब, हिला इंग्रजीत काय म्हणतात, ठाऊक हाय? हिनं हेच तुमच्या बंगल्यात बोललं असतं तर तुम्ही फोन करून भावाला सांगितलं असतं." गृहस्थ बाही सोडवून गेले. मामा परत येताना सगळा रस्ताभर बोलत होते. पोटासाठी लवकर मोठं झालं तर ते कार्टं, आणि आजोबांच्या हौसेसाठी मोठं केलं तर त्याला लॅटिनमधून आणलेला शब्द. ते म्हणाले, "दोघींचं बी एकच चाललंय. एकीच्या अंगावर तराजू दिलाय, एकीच्या अंगावर पेपर." मला त्यांचं म्हणणं तेव्हाही पटलं होतं. आज ते आठवलं की अजून संताप येतो, कारण ती मुलगी पुढच्याच वर्षी दिसेनाशी झाली आणि तिच्याबद्दल विचारायचं कोणालाच सुचलं नाही.

गणपती जवळ आले तेव्हा सासऱ्यांनी जाहीर केलं, की या वर्षी मंडळाच्या कार्यक्रमात मनू वाचन करणार. लोकांतून कोणीही कुठलंही वर्तमानपत्र द्यावं, ती वाचून दाखवेल. केबल नुकतीच घरोघर आली होती आणि केबलवाला चित्रीकरण करणार होता. रोज संध्याकाळी खालच्या मजल्यावर तालीम सुरू झाली. मनूला खुर्चीवर उभं करायचं, हातात पेपर द्यायचा, आणि जो कोणी आला असेल त्याने टाळ्या वाजवायच्या. पंधरवड्यात मनूने भातुकली बंद केली. ती बाहुल्या भिंतीला टेकवून ओळीने बसवायची, त्यांच्यापुढे उभी राहायची आणि मग एकेकीचे हात धरून त्यांना टाळ्या वाजवायला लावायची. एका सकाळी तिने मला विचारलं, "बाबा, चुकलं तर लोक घरी जातील का?" मी खाली जाऊन सासऱ्यांना सांगितलं की हे नको. ते म्हणाले, "जावईबापू, तुम्ही शाळंत शिकवा. हे मंडळाचं हाय." माझ्या बायकोने सांगून पाहिलं. तिला तेवढंही उत्तर मिळालं नाही.

मग मामा खाली गेले. मी जिन्यात उभा होतो, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. मामांच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे माझ्या सासूबाईंचे, हे यजमान. त्यामुळे मामा त्यांना दाजी म्हणायचे आणि त्यांच्यापुढे एरवी आवाज चढवायचे नाहीत. त्या दिवशी चढवला.

"दाजी, पोरीला खाली उतरवा."

"का? तुमच्या पोटात का दुखतंय, मेव्हणं?"

"पोटात न्हाई दुखत. मी बघितलंय ह्यातनं काय हुतंय ते."

"काय बघितलंय? तुमचं गेलं म्हणून आता पोरीचं बी जाऊ दे व्हय?"

सासूबाई म्हणाल्या, "अहो, असं काय बोलताय," आणि नंतर मामांच्या पायांचा आवाज जिन्यावर आला. ते वर आले नाहीत, मधल्या पायरीवर बसले. मी दोन पायऱ्या खाली जाऊन बसलो. तुमचं काय गेलं, असं मी विचारलं नाही. त्यांनी स्वतःहून सांगितलं, आणि तेही तक्रार गुदरावी तसं, रागाने सांगितलं.

मामा सहा वर्षांचे असताना बालशाहीर होते. त्यांचे वडील शाहीर, पण वडिलांचा आवाज साधारण. मुलाचा आवाज लागला तसा वडिलांनी डफ स्वतःकडे ठेवला आणि फेटा मुलाच्या डोक्यावर बांधला. मोठ्या माणसाचा फेटा, तो कानांवरून खाली यायचा. कागलपासून पन्हाळ्यापर्यंत एकही जत्रा त्यांनी सोडली नाही. वडील खांद्यावर बसवून न्यायचे. झोप आली तर तोंडावर पाणी मारायचे. पोवाड्यात एक सरदार लढाईत पडतो आणि त्याची आई रणात त्याला शोधत फिरते. त्या जागी सहा वर्षांचा मुलगा आईच्या आवाजात हाक मारायचा आणि सगळी जत्रा रडायची. "मला त्यातलं काय कळत हुतं? माणसं रडायला लागली की मला वाटायचं, मी काय तरी वंगाळ केलं. मी अण्णांकडं बघायचो. अण्णा खूष असायचे. मग मला वाटायचं, वंगाळच करायचं असतंय." तेराव्या वर्षी एका जत्रेत, नेमक्या त्या हाकेच्या जागी, आवाज फुटला. रडायला तयार बसलेली माणसं हसली. परतताना वडील पुढे चालत होते आणि मागे वळून पाहत नव्हते. "त्या दिवसापासून मी कुणाचाच न्हाई झालो, जावईबापू. मोठ्यांत गेलो तर ते म्हणायचे, पोरगं हाय. पोरांत गेलो तर मला इटीदांडू येत न्हवता. तेरा वर्षांचा घोडा, आणि इटीदांडू येत न्हवता." एवढं सांगून ते उठले आणि चहासुद्धा न घेता घरी गेले.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी आरती झाली. मनूला काठापदराच्या कापडाचं परकर-पोलकं घातलं होतं. तिला स्टेजवर खुर्चीवर उभं केलं, माईक खाली ओढला, केबलवाल्याने दिवा तिच्या तोंडावर टाकला. लोकांतून एक पेपर आला. मनूने तो हातात घेतला आणि लोकांकडे पाहत राहिली. सासऱ्यांनी खालून खूण केली. ती वाचेना. कोणीतरी प्रोत्साहन म्हणून आधीच टाळ्या वाजवल्या, तशी तिची हनुवटी थरथरायला लागली. मी आणि बायको गर्दीतून पुढे सरकत होतो, पण मंडळाच्या कार्यकर्त्यांनी दोर बांधला होता आणि दोराजवळच्या मुलांना आम्ही कोण हे सांगण्यात वेळ जात होता.

मामा उशिरा आले. ते पाठीमागच्या बाजूने स्टेजवर चढले, तेव्हा त्यांच्या डोक्यावर फेटा होता. फेटा नीट बांधला होता, पण साठीच्या वर गेलेल्या, चष्मा लावलेल्या माणसाच्या डोक्यावर तो पाहून पुढच्या रांगेतली मुलं फिदीफिदी हसू लागली. मामांनी मनूच्या हातातला पेपर काढून घेतला आणि घडी करून खिशात घातला. माईक चालू होता, त्यामुळे सगळ्यांना ऐकू आलं. "ह्यो मोठ्या माणसांचा पेपर हाय, बाळा. जा खाली. तिकडं खिरापत वाटायला लागलीत, संपायच्या आत जा." मनू खुर्चीवरून उतरली आणि पळत सुटली. मग मामांनी माईक वर ओढला, कानावर हात ठेवला, आणि त्यांनी तोच पोवाडा म्हणायला सुरुवात केली.

आवाज भयंकर होता. तो तीन ठिकाणी फुटला आणि एका ठिकाणी पूर्ण गेला. आधी लोक गप्प होते, मग कोणीतरी शिट्टी मारली, आणि मग सगळा मांडव हसायला लागला. "आजोबा, बसा आता," "ओ शाहीर, पाणी घ्या," अशा आरोळ्या सुरू झाल्या. सासरे माईकवाल्याला बंद कर म्हणून ओरडत होते, पण माईकवाला स्वतःच पोट धरून हसत होता. मामा थांबले नाहीत. सरदार पडला, आई रणात शिरली, आणि हाकेच्या जागी त्यांच्या गळ्यातून जे निघालं त्याला मी नाव देऊ शकत नाही. हसण्याचा मोठा लोट आला. तेव्हा ते थांबले आणि लोकांकडे बोट करून म्हणाले, "हसा की पावणं. मी सहा वर्षांचा असताना ह्याच ओळीला तुमचे बाप रडलेत. तवाच त्यातलं कोण तरी हसलं असतं तर लई बरं झालं असतं." आणि पुढची कडवी त्यांनी शेवटपर्यंत म्हटली, एकही गाळलं नाही. मांडवाच्या मागे मनू इतर मुलांबरोबर तोंडभर खोबरं घेऊन बसली होती. मामाआजोबा गमतीचं गातात म्हणून तीही हसत होती, आणि मला ते हसणं अजून ऐकू येतं.

केबलवाल्याने ते चित्रीकरण पुढचे कितीतरी दिवस, विनोदी कार्यक्रम म्हणून, दाखवलं. याचा मला आजही राग आहे. रस्त्याने जाताना पोरं मामांना "शाहीर, होऊ दे एक" म्हणून हाका मारायची. ज्याने आयुष्यभर मुलांना नीट इंग्रजी शिकवलं, त्याला शहराने एका संध्याकाळवरून ओळखायला सुरुवात केली. मी तसं बोलून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "साठीत हसं झालं तर सोसतंय, जावईबापू. घरात बायको असती, पेन्शन असती." पण सगळं सोसत नव्हतं. सासऱ्यांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं, आणि त्या दिवाळीत सासूबाईंनी भाऊबीजेला भावाला बोलावलं नाही. मामा नवा सदरा घालून, संध्याकाळ संपता संपता, तरीही आले. खालचं दार लावलेलं होतं. ते वर आमच्याकडे येऊन बसले. माझ्या बायकोने त्यांना ओवाळलं. "भाचीनं ओवाळलेलं चालतंय का?" तिने विचारलं. "चालवायचं," मामा म्हणाले, आणि बराच वेळ खालच्या जिन्याकडे पाहत बसले. सासूबाईंनी पुढच्या वर्षी त्यांना बोलावलं. सासरे मात्र त्यांच्याशी पुन्हा कधी मोकळेपणाने बोलले नाहीत.

मनू त्यानंतर गल्लीतल्या मराठी शाळेत, योग्य वयात, पहिलीत गेली. तिला वाचता येत होतं आणि वर्गातल्या बाकीच्यांना येत नव्हतं, एवढाच फरक होता. दुसरीत तोही राहिला नाही. मुख्याध्यापिका बाईंचा तो शब्द आमच्या घरात पुन्हा कोणी उच्चारला नाही. दहावीला तिला अठ्ठावन्न टक्के पडले. मी आणि बायको काय बोलावं या विचारात असताना मामा पेढ्यांचा पुडा घेऊन हजर झाले, आणि निकालाच्याच दिवशी, म्हणजे त्यांच्या मानाने फारच लवकर. खालच्या मजल्यावरून सासऱ्यांनी, किती वर्षांनी, त्यांच्याकडे पाहून विचारलं, "पेढं कशाचं, मेव्हणं?" मामा म्हणाले, "पोरगी वयाप्रमाणं चाललीया, दाजी. त्याचं." सासऱ्यांनी पेढा घेतला. खाल्ला की नाही ते मी पाहिलं नाही.

मामा त्यानंतर दोन वर्षांनी गेले. दुखणं थोड्या दिवसांचं होतं. दवाखान्यात ते मामींना म्हणाले, की डॉक्टर फार घाई करतात. मामी म्हणाल्या, "त्यांना बी दुसरी माणसं बघायची असत्यात." हे नंतर मामींनीच आम्हाला सांगितलं. माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल लिहायला मला इतका वेळ लागला. त्यांची काही तक्रार नसती, पण मला स्वतःला ते बरं वाटत नाही.

मामी आता वारणानगरला भावाकडे असतात. इथलं घर विकलं. मनू एकोणीस वर्षांची आहे, कॉलेजात आहे, आणि पुढे काय करायचं ते तिने अजून ठरवलेलं नाही. रविवारी ती नऊ वाजेपर्यंत झोपते. आम्ही तिला उठवत नाही.